तिठ्यावरची हाक

१

झग्यावरचं रक्त एव्हाना वाळून तपकिरी पडायला हवं होतं. ते लालच राहिलं.

हे पहिल्यांदा पाहिलं आमच्या वॉर्डातल्या तिप्पव्वा आयानं. पोलिसांना द्यायच्या कपड्यांची पिशवी कपाटात ठेवली होती. ती सरकवायला गेली आणि आतला झगा खाली पडला. तिनं अशी किंकाळी फोडली की मी एका पोराचं प्लास्टर अर्धवट सोडून धावत आले.

"डॉक्टरबाई, हे माणसाचं रक्त नाही," ती भिंतीला चिकटून म्हणाली. "चार बाळंतपणं झालीत माझी. रक्त काय असतं ते मला सांगू नका. हे बघा की, आत्ता सांडल्यासारखं दिसतंय!"

"हळू बोल गं बाई, पोरं ऐकताहेत," मी दटावलं, पण डोळे माझेही त्या झग्यावरच होते. फिकट पिवळं कापड आणि पाठीवर हा एवढा लालभडक डाग. मी हाडांची डॉक्टर. मिरजेहून लग्न होऊन या कानडी मुलखात आले, ती इथलीच झाले. अंगात येणं, दृष्ट लागणं असल्या गोष्टींवरून सासरच्यांशी आयुष्यभर भांडत आले आहे. तरी माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

झगा सिंचनाचा होता. सहा वर्षांची पोर. खंडेनवमीच्या दिवशी इकडे आयुधपूजा असते. घरोघर गाड्या धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबं ठेवतात आणि कुंकवानं भरलेला कोहळा फोडून गाडीची दृष्ट काढतात. त्या संध्याकाळी बिळिकोप्प गावाबाहेरच्या तिठ्यावर, फुटलेल्या कोहळ्यांच्या मधोमध, सिंचना पडलेली सापडली. कमरेचं हाड दुभंगलेलं, मांडी मोडलेली. आधी पाहिलं तिच्या आजोबांनी, चन्नबसप्पांनी. त्यांच्या ओरड्यानं गाव धावलं, तेव्हा तिथे आइसकँडीची मोटरगाडी घेऊन फकीरेश उभा होता. गर्दी पाहून तो पळाला. पळाला म्हणजे त्यानंच उडवली, असं गावानं ठरवलं आणि धरून इतका बदडला की पोलिस आले म्हणून वाचला. आता तो कोठडीत होता. त्याचं घर पेटवायची भाषा चालली होती, म्हणून त्याची बायको तान्ह्या पोराला घेऊन आमच्याच दवाखान्याच्या जिन्याखाली बसून होती.

गाडीनं मूल चिरडणं मला नवं नाही. वॉर्डातल्या निम्म्या खाटा त्याच पोरांच्या असतात. नवं होतं ते सिंचना भुलीतून जागी झाल्यावर बोलली ते.

"बा, बा म्हणालं," ती पुटपुटली. "म्हणून मी आले."

कानडीत 'बा' म्हणजे 'ये'.

"कोण म्हणालं, राणी?"

"अव्वासारखं म्हणालं. पण गेले तर अव्वा नव्हती."

अव्वा म्हणजे तिची आई. हे बोलणं तिप्पव्वानं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत बिळिकोप्पला पोचलं. इथली जुनी भीती आहे. दारात काहीतरी येतं आणि आपल्याच माणसाच्या आवाजात 'बा' म्हणून हाक मारतं. ओ देऊन बाहेर गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून पूर्वी दारावर लिहायचे, 'नाळे बा', म्हणजे उद्या ये. ते वाचून परत जातं, दुसऱ्या दिवशी येतं, पुन्हा वाचतं. बिळिकोप्पच्या एकूणएक दारावर त्या रात्रीतून खडूनं 'नाळे बा' उमटलं.

तेव्हापासून कुणी 'बा' म्हटलं की सिंचना कानावर हात घट्ट दाबून घ्यायची. आता या मुलखात लेकराला जवळ बोलवायला दुसरा शब्दच नाही. तिला कुणी हाकच मारू शकत नव्हतं. ती खाईना, झोपेना, हाडं जुळायला जी ताकद लागते ती आणायची कुठून? मी हात टेकले होते.

शिवाय दवाखान्यात अँब्युलन्स आली की ती ओरडायची. आत्ताही तेच झालं. मी झगा पिशवीत कोंबत होते, खिडकीचा पडदा ओढलेला होता, सायरनही नव्हता. सिंचना एकदम ताठ झाली आणि छप्पर फाटेल असं ओरडली.

खाली अँब्युलन्स येऊन थांबली होती. तिच्यातून एक म्हातारा उतरवला, तो आधीच गेलेला.

"तिला दिसतं ते," तिप्पव्वा कुजबुजली. "गाडीत बसून येतं."

२

फौजदार शारदा बडिगेर त्या दिवशी दुपारी आली ती थेट माझ्या डब्यावर.

"अक्का, काय आणलंय? भाकरी आणि बदनेकाई? वा! सकाळपासून चहावर आहे मी." तिनं स्वतःच झाकण उघडलं. शारदा गुन्ह्यापेक्षा जेवणाची चौकशी जास्त करते, असं तिचे शिपाई तिच्या पाठीमागे म्हणतात. तिच्या पुढ्यातही म्हणतात, ती हसते.

"उद्या फकीरेशची कोठडी संपतेय, त्याला पुन्हा कोर्टात उभं करायचंय," ती वांग्याचा देठ चोखत म्हणाली. "साक्षीदार गावभर. सगळे शपथेवर सांगतात, रस्त्यावर रक्ताचं थारोळं होतं. एकदम सरळ केस."

"मग चेहरा का असा?"

"एवढी सरळ केस मला पचत नाही. त्याच्या गाडीला ओरखडा नाही. तुम्ही सांगा, पोरीला गाडीनं कसं मारलंय?"

मी हात पुसले. "रस्त्यात धावती गाडी धडकली की लहान मूल उडतं, लांब पडतं. डोकं फुटतं, दात पडतात. हिच्या डोक्याला टेंगूळसुद्धा नाही. चाक अंगावरून हळू गेलंय. अगदी हळू, चालत्या माणसाच्या वेगानं. आणि बाहेर रक्त फारसं नव्हतंच, जे काही झालं ते आतल्या आत."

शारदाचा घास तोंडातच राहिला. "रक्त नव्हतं?"

"थारोळ्याएवढं तर मुळीच नाही."

"मग गावानं काय पाहिलं?"

मी कपाट उघडून पिशवी तिच्यापुढे ठेवली. तिनं झगा काढला, खिडकीपाशी नेला, नाकाला लावला. तिप्पव्वा दारातून पदर तोंडात धरून बघत होती.

"तिप्पव्वा, इकडे ये. वास घे."

"मेले तरी नाही, मेडम!"

"मग मीच सांगते. चुन्याचा वास आहे. हळद आणि चुना, वर कुंकू. कोहळ्याच्या पोटातलं पाणी आहे हे. पोर फुटक्या कोहळ्यात पडली होती ना, पाठीला लागलं. ते काळं कशाला पडेल?"

तिप्पव्वाच्या जिवात जीव आला. माझ्याही, पण मी दाखवलं नाही. मला वाटलं, चला, एक भूत उतरलं. पण शारदा तो झगा पुन्हा पुन्हा उलटापालटा करत होती आणि तिचा चेहरा पहिल्यापेक्षा वाईट झाला होता.

"अक्का, तुमच्या पोरांना आयुधपूजेच्या दिवशी तिठ्यावर जाऊ द्यायचात तुम्ही?"

"सासूबाईंनी तंगडी तोडली असती. दुसऱ्याची दृष्ट उतरवलेला कोहळा ओलांडायचा नसतो, पाय तर मुळीच..."

मी बोलता बोलता थांबले. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. त्या दिवशी माणसं शेतातून वळसा घालून जातात, पण फुटक्या कोहळ्यावर पाऊल टाकत नाहीत.

"म्हणजे ती स्वतःच्या पायानं तिथे गेली नाही," शारदा म्हणाली. "तिला तिथे आणून ठेवलंय."

३

संध्याकाळी घरची मंडळी आली. आजोबा चन्नबसप्पा, पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, गावाच्या पंचांतला माणूस. त्यांचा धाकटा मुलगा महांतेश, सिंचनाचा काका. सिंचनाचा बाप मंगळूरला गोदीत कामाला होता, रजा मिळाली नाही म्हणून तो अजून पोचला नव्हता. आई ललितव्वा रात्रंदिवस पोरीच्या उशाशी स्टुलावर होतीच.

शारदानं सगळ्यांना वॉर्डाबाहेरच्या ओसरीत बसवलं आणि चुरमुऱ्यांचा पुडा सोडला.

"घ्या, अज्जा. सणाचं काय केलं होतं जेवायला?"

चन्नबसप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारताहेत, ही बाई फौजदार आहे की आचारी. "होळिगे. सणाला दुसरं काय करतात? पुरण घातलेली."

"सिंचना जेवली?"

"पोटभर जेवली. दोन होळिगे, वर तूप. मग गेली खेळायला. त्यानंतर मला दिसली ती तिठ्यावरच."

"गाडीची पूजा व्हायच्या आधीच जेवली?"

म्हातारा भडकला. "मेडम, आमचं घर काय हॉटेल आहे? पूजा नाही, नैवेद्य नाही, तोवर आमच्यात पानावर कुणी बसत नाही. दुपारीच पूजा झाली. मग सगळे जेवलो."

"तुमचा टेंपो नवीन आहे म्हणे," शारदा महांतेशकडे वळली. "चालवतं कोण? तूच?"

"मीच," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"आता किती दिवस चालवतोय म्हणा!" अज्जांचा आवाज जरा मऊ झाला. "पुढच्या महिन्यात सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून रुजू होतोय. पाच वर्षं परीक्षा देत होता बिचारा. आमच्या घराण्यात पहिली सरकारी नोकरी."

"पेढे कुठायत मग?" शारदा हसली. "कोहळा कुठे फोडलास रे?"

"तिठ्यावर. दारात रांगोळी होती मोठी. वहिनीनं काढलेली."

ललितव्वा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. रांगोळीचं नाव निघताच तांब्या हिंदकळला. शारदानं तिच्या हातात चुरमुरे ठेवले.

"तुम्ही जेवलात का त्या दिवशी?"

"नाही," ललितव्वा म्हणाली.

महांतेशनं चटकन बापाकडे पाहिलं.

"तिचा उपास होता," अज्जा घाईनं म्हणाले. "नवरात्राचा. धरते ती."

ललितव्वानं हातातले चुरमुरे तिथेच ठेवले. ती आत निघून गेली. मी दारातून पाहिलं, तिनं पोरीच्या खाटेच्या लोखंडी पट्टीवर बोटानं टकटक केलं. सिंचनानं डोळे उघडले. मला आठवलं, इतक्या दिवसांत ही बाई आपल्या लेकीशी एक अक्षर बोललेली मी ऐकलं नव्हतं. पोरीला शब्दाची भीती वाटते म्हणून जपते, असं समजून मी मनातल्या मनात तिचं कौतुकही केलं होतं.

"अक्का," माणसं गेल्यावर शारदा म्हणाली, "आईला आपल्याच आवाजाची भीती कधी वाटते?"

४

दुसऱ्या दिवशी कोर्टात न्यायच्या आधी फकीरेशला मलमपट्टीला माझ्याकडे आणलं. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. जिन्याखाली बायकोला पाहून तो रडला नाही, बायकोच रडली.

"मी उडवलं नाही, डॉक्टरबाई," तो मी पट्टी बांधतानाही तेच बोलत होता. "कोहळ्यावर चाक जाऊ नये म्हणून मी कडेकडेनं गाडी ढकलतच नेत होतो. बघतो तर मधे पोर. आधीच पडलेली. ओठ ओले होते तिचे. डोक्याखाली टॉवेल दुमडून ठेवलेला, उशीसारखा."

"टॉवेल?" शारदानं विचारलं.

"पांढरा. मी वाकलो तेवढ्यात झाडामागून अज्जा ओरडत आला. मग काठ्या घेऊन सगळं गाव. तेवढ्यात टॉवेल कुठे गेला, कुणास ठाऊक."

"पळालास कशाला मग?"

"मेडम, अंगावर काठ्या येताहेत, आणि मी काय तिथे आइसकँडी विकत बसू?"

त्याला बाहेर नेल्यावर मी म्हटलं, "टॉवेल-बिवेल काही पोरीबरोबर आला नव्हता. कशाला गोष्टी रचतोय?"

"रचणारा माणूस स्वतःच्या कामाची गोष्ट रचतो," शारदा म्हणाली. "पांढरी मोटार भरधाव आली आणि गेली, असं म्हणाला असता. टॉवेलचा याला काय उपयोग? आणि पोराला उडवून पळणारा माणूस कधी त्याच्या डोक्याखाली उशी ठेवतो? ते काम मायेच्या माणसाचं."

"पण ज्यानं हाक मारली ते कोण? पोर खोटं बोलत नाही, शारदा. तिला आईच्या आवाजात कुणीतरी बोलावलंय."

शारदा उठली. ती खिडकीशी गेली. आवाराच्या फाटकातून अँब्युलन्स आत येत होती.

"तुम्ही पोरीपाशी जा," ती घाईनं म्हणाली. "फक्त तिच्याकडे बघत राहा. ती नेमकी कधी ओरडते, तेवढं सांगा."

मी सिंचनाच्या खाटेशी जाऊन बसले. पडदा ओढलेला. खाली इंजिनाची घरघर जवळ आली. सिंचना पापणीही न हलवता छताकडे बघत होती. गाडी आवारात वळली, तरी ती शांत. मला वाटलं, आज काही होत नाही.

मग खालून आवाज आला. सिंचनाच्या बोटांनी माझं मनगट करकचून धरलं, आणि ती ओरडली.

या वेळी मी नीट ऐकलं. खालून कुणीतरी हाक मारत होतं.

"बा... बा... बा, बा, बा..."

५

शारदा धापा टाकत वर आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते काही धड हसू नव्हतं.

"भूत सापडलं, अक्का. खाकी घालतं आणि तंबाखू खातं."

आमचा वॉचमन गिरिमल्ला. अँब्युलन्सचं तोंड फाटकाकडे असावं म्हणून ती मागे मागे घेत उताराला लावतात. गिरिमल्ला मागे उभा राहून हातवारे करतो आणि ड्रायव्हरला ओरडून सांगतो, ये, ये, अजून ये. बा, बा, बा. मी त्या आवाजात वर्षानुवर्षं पेशंट तपासले आहेत. इतका रोजचा आवाज की कानावर येऊनही मला कधी ऐकू आला नव्हता.

"पोरीला हाक कुणी मारलीच नाही," शारदा मला खिडकीपाशी नेऊन खालच्या आवाजात म्हणाली. "हाक गाडीला मारली होती. कुणीतरी टेंपो मागे घेत होतं आणि कुणीतरी मागे उभं राहून बा, बा म्हणत होतं. पोरीनं आईचा आवाज ऐकला, तिला वाटलं आपल्यालाच बोलावतेय. ती धावत आली."

मी खिडकीचा गज धरला.

"पण टेंपो दुपारीच पुजला होता," मी म्हटलं. "आणि पूजा झाल्यावर गाडी पुढेच काढतात. लिंबं चिरडून पुढे. त्या दिवशी पुजलेली गाडी मागे घेणं म्हणजे अपशकुन, कुणी घेत नाही."

"म्हणूनच सगळं गाव छाती ठोकून सांगतं की त्या घरात गाडी मागे गेलीच नाही. पण पूजा व्हायची असेल तर? गाडी धुऊन आणली, दारात नीट लावायची आहे, रांगोळीच्या समोर, तोंड रस्त्याकडे करून. तेव्हा ती मागेच घ्यावी लागते. आता तुम्ही एक आठवा. ऑपरेशनच्या आधी पोरीच्या पोटात काय होतं?"

मला लगेच आठवलं, आणि इतके दिवस आठवलं नाही याचा संताप आला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, जेवली कधी? अज्जा म्हणाले होते, पोटभर होळिगे खाल्लीय. म्हणून आम्ही नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं. नळीतून आलं पाणी, आणि थोडे चुरमुरे. एवढा मार बसला की पोट जागच्या जागी थांबतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही. होळिगे खाल्ली असती तर आलीच असती.

"जेवली नव्हती," मी म्हटलं.

"जेवली नव्हती, कारण नैवेद्य झाला नव्हता. नैवेद्य नाही, कारण पूजा नाही. त्या घरात त्या दिवशी कुणीच जेवलेलं नाही, अक्का. सगळे खोटं बोलले, एकटी आई खरं बोलून गेली."

आम्ही दोघींनी एकदमच वळून पाहिलं. सिंचनाच्या उशाशी स्टूल होतं. स्टूल रिकामं होतं.

६

ललितव्वा खाली आवारात सापडली. अँब्युलन्सच्या मागच्या चाकाशी ती उकिडवी बसली होती आणि चाकामागच्या मोकळ्या जागेकडे टक लावून बघत होती. गिरिमल्ला बावरून बाजूला उभा होता.

"इथून दिसतं," आम्हाला पाहून ती म्हणाली. "इथं उभं राहिलं की सगळं दिसतं. मी इथं नव्हते. मी बाजूला होते."

शारदा तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"अख्खी दुपार घालून काढली होती मी रांगोळी," ललितव्वा म्हणाली. "महांतेश गाडी धुऊन उशिरा आला. पूजा खोळंबलेली, सगळे भुकेले. चाक रांगोळीवर जाऊ नये म्हणून मी चाकाकडे बघत होते. रांगोळीकडे बघत होते. बा, बा म्हणत होते. ती मागच्या अंगणात होती. मला वाटलं, मागच्याच अंगणात आहे."

चन्नबसप्पा आणि महांतेश डबा घेऊन फाटकातून आत येत होते. त्यांनी सुनेला चाकाशी बसलेली पाहिलं आणि म्हाताऱ्याच्या हातून डबा निसटला.

"मी सांगतो," महांतेश पुढे आला. "मेडम, गाडी मी..."

"तू गप्प बस!" अज्जा गरजले. ते उताराच्या कट्ट्यावर बसले. "त्याला काही म्हणू नका. तो दवाखान्यातच निघाला होता. मी गाडी तिठ्यावर थांबवली."

"का, अज्जा?" शारदानं विचारलं.

"पोर गेली असं वाटलं मला. श्वास कळत नव्हता. म्हटलं, एक गेलं. दुसऱ्याचं आयुष्य तरी राहू दे. ड्रायव्हरच्या नोकरीला निघालेल्या पोरावर असला डाग लागला तर..." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर दाबला. "सगळे आपापल्या दारी पूजेत होते. तिला तिथं ठेवली. महांतेशला परत पाठवला. आणि मी वळलो तर तिनं डोळे उघडले. 'अज्जा, पाणी' म्हणाली. मी ओढ्यातून टॉवेल भिजवून आणला, तिच्या ओठांवर पिळला, डोक्याखाली ठेवला. तेवढ्यात गाडीची खडखड ऐकू आली म्हणून झाडाआड झालो. तो फकीरेश होता. मग ओरडलो."

"आणि त्याला मारत होते तेव्हा?"

जिन्याखालून फकीरेशची बायको बाहेर येऊन उभी होती, कडेवर तान्हं पोर. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि पंचांतल्या त्या माणसाची मान जी खाली गेली ती वर आली नाही. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा रागही आला.

शारदानं कोर्टात फोन लावला. फकीरेश संध्याकाळपर्यंत सुटेल, एवढं तिनं त्याच्या बायकोला सांगितलं. महांतेश स्वतःहून पोलिसांच्या जीपमध्ये जाऊन बसला.

"मलाही न्या," ललितव्वा उठत म्हणाली. "हाक माझी होती."

"तुम्हाला नंतर," मी मधे पडले. माझा आवाज जरा चढलाच. "आधी वर चला. ती पोर इतके दिवस भुताला घाबरून मरतेय. तिला सांगा."

"काय सांगू?" ती पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत होती. "तुझ्या आईनंच तुला बोलावून गाडीखाली घातलं, असं सांगू? ती माझं तोंड बघेल का पुन्हा?"

"नाही बघितलं तर नाही बघितलं," मी म्हटलं. "पण आईच्या आवाजात तिला भूत हाक मारतंय, यापेक्षा ते बरं."

ती कशी जिना चढली, तिचं तिला ठाऊक. तिप्पव्वानं पडदा बाजूला केला. दुपारचं ऊन खाटेवर आलं. ललितव्वा स्टुलावर बसली नाही, खाटेच्या कडेला जमिनीवर गुडघे टेकून बसली, तोंड लेकीच्या तोंडाच्या पातळीवर आणून.

"सिंचना," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून पोरीचे हात कानांकडे गेले. ललितव्वानं ते धरले नाहीत. "ती मी होते. भूत नव्हतं. मी काकाच्या गाडीला बोलवत होते, बा, बा म्हणून. तुला वाटलं तुलाच बोलावतेय. तू आलीस. मी बघितलंच नाही. माझं लक्ष रांगोळीकडे होतं."

सिंचनाचे हात कानांपाशी तसेच थांबले. ती आईकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही ओरडणार. मी इंजेक्शनची तयारी ठेवायला सिस्टरला खूणही केली.

पोरीच्या कपाळाला आठी पडली. गाल लाल झाले. आणि शाळेला निघताना रोज सकाळी आईनं तिला ज्या सुरात बजावलं असेल, अगदी त्याच सुरात ती रागावली.

"नीट बघायचं ना, अव्वा!"

"हो," ललितव्वा म्हणाली. "बघायचं होतं."